भोंग्याची उचकी

१

शीतगृहात अमोनियाचा नळ फुटला, आतल्या खोलीत पैलवान म्हणून ओळखला जाणारा कामगार गुदमरून मेला, आणि भोंगा वाजला नाही. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढचं मात्र लोकांनी परस्परच ठरवून टाकलं, की चूक माझ्या भाच्याची.

भाचा तिथे नियंत्रण कक्षात बसायचा. त्याच्यासमोर दोन बटणं होती. लाल दाबलं की भोंगा वाजणार आणि सगळ्यांच्या फोनवर 'इमारतीबाहेर पडा' असा निरोप जाणार. निळं दाबलं की निरोप तोच, पण भोंगा गप्प. मालकांचे पाहुणे आलेले असताना आरडाओरडा नको, म्हणून ही निळ्याची सोय. श्रीमंतांच्या कानांची केवढी ती काळजी.

त्या दिवशी निरोप सगळ्यांना गेले. पण गॅसच्या भागात फोन न्यायला बंदी असते, त्यामुळे कामगारांचे फोन फाटकाजवळच्या कपाटात कुलूपबंद. निरोप आले ते कपाटात आले. निरोप गेले आणि भोंगा नाही, म्हणजे पोराने घाबरून लालऐवजी निळं दाबलं. पहिलीतल्या मुलालाही जमेल असं हे गणित चौकशी समितीने मांडलं आणि सोमवारी निकाल द्यायचं ठरवलं. निकाल म्हणजे नोकरी तर जाणारच, वर पोलिसात निष्काळजीपणाची तक्रार.

"माझ्या पोराला सोडव," ताई मला म्हणाली. एवढंच म्हणाली. ताई माझी थोरली बहीण, आणि तिने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं नाही.

माझ्याकडे मागायचं कारण असं, की मी उभा जन्म सी भाषेत आवाजाच्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्यात घालवला. बसस्थानकावरच्या घोषणा, लिफ्टमध्ये मजला सांगणारी बाई, दवाखान्यातल्या खाटांच्या घंटा, हे सगळं मी बोलतं केलंय. आता निवृत्त आहे. जीभ तेवढी निवृत्त झालेली नाही.

भाचा पलंगाच्या कडेला बसला होता. दाढी वाढलेली, हात मांडीखाली दाबून धरलेले. पैलवान त्याचा मित्र. दोघे रोज पैलवानाच्या बायकोने दिलेल्या एकाच डब्यात जेवायचे.

"काय दाबलंस?" मी विचारलं.

"लाल. लाल दिवाही लागला, मावशी."

"भोंगा ऐकलास?"

"काचेआड काही ऐकू येत नाही. आम्ही दिवाच बघतो." मग पुन्हा म्हणाला, "लालच दाबलं. बहुतेक."

ते 'बहुतेक' मला आवडलं नाही. ज्याला स्वतःच्या हाताची खात्री उरली नाही, त्याला सोडवणार तरी कसं?

तेवढ्यात भाऊजी आत आले. भाऊजी त्याच शीतगृहात प्रोग्रॅम विभागाचे प्रमुख. पोराला त्यांनीच तिथे चिकटवलं. अपघाताच्या दिवशी ते गुडघा धरून घरी होते, आणि मुलाचं प्रकरण म्हणून समितीने त्यांना तेव्हापासून घरीच बसवलं होतं. मी उद्या तिथे जाणार म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कशाला उगाच नाक खुपसतेस? भोंग्यात काही दोष नाही. चांगला दमदार आहे. बंद केला तरी चालू सूर पुरा करूनच थांबतो. चूक माणसाची आहे, मशीनची नाही."

"माणूस म्हणजे तुमचा मुलगा, भाऊजी."

"म्हणून तर जीव तुटतो." ते पोराकडे वळले. आवाज अगदी मऊ होता. "नीट आठव रे. लालच होतं ना?"

भाच्याने मान खाली घातली. दारात ताई माझ्या कानाशी पुटपुटली, "हे रोज विचारतात त्याला. सकाळ-संध्याकाळ."

२

शीतगृहाच्या मोठ्या साहेबांनी मला परवानगी दिली, ती देवळाबाहेर चिल्लर टाकावी तशी. "बघा बाई, तुमचं समाधान होऊ दे." मी म्हटलं, समाधान घरी ठेवून आलेय, भोंगा दाखवा.

भोंगा सांभाळणाऱ्या वीजतंत्र्याला सगळे झटकाकाका म्हणत. तीन वेळा झटका बसूनही जिवंत, आणि त्याचाच त्यांना अभिमान. त्यांनी मला कर्णे दाखवले, तारा दाखवल्या, एकेक जोड बोटाने हलवून दाखवला. कुठे काही सुटलेलं नव्हतं.

"रोज सकाळी चाचणी घेतो आम्ही," ते म्हणाले. "अपघाताच्या सकाळीसुद्धा घेतली. झकास वाजला."

"लाल दाबून?"

"लालच. पण आधी ही किल्ली फिरवायची, म्हणजे निरोप जात नाहीत. नुसता भोंगा."

"निरोप का नको?"

काका हसू दाबत म्हणाले, "निरोप जोडले त्याच दिवशी निळं दाबून बघितलं, तेव्हा गेले होते. मोठे साहेब दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवे होते. निरोप वाचून आ वासून तसेच पळत आले. त्या दिवसापासून हुकूम आहे, चाचणीत निरोप बंद म्हणजे बंद."

त्यांनी किल्ली फिरवली, लाल दाबलं. भोंगा असा काही किंचाळला की माझे दात शिवशिवले. मग बंद करायचं बटण दाबलं, तरी तो क्षणभर वाजतच राहिला आणि सूर संपवूनच थांबला.

काकांनी नाक मुरडलं. "ही नवीन खोड लागलीय त्याला. आधी बटण दाबलं की जागच्या जागी गप्प व्हायचा."

"कधीपासून?"

"पैलवान गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. समितीसमोर चाचणी घेतली तेव्हा पहिल्यांदा दिसलं. म्हटलं, यंत्रालाही धक्का बसला असेल."

मी हे ऐकलं आणि, खरं सांगते, तेव्हा सोडून दिलं. कारण काका पुढे जे बोलले त्याने माझं डोकं व्यापलं.

"एक सांगू का बाई? समितीने लिहून घेतलं नाही. खोकी उचलणारी एक बाई आहे, ती त्या वेळी कर्ण्याखालीच उभी होती. ती म्हणते, भोंगा वाजला नाही, पण त्याला उचकी लागली. एकच. समिती म्हणाली, कॉम्प्रेसरचा आवाज असेल."

मी त्या बाईला गाठलं. तिने मला ती उचकी काढूनही दाखवली, घशातून, अगदी आखूड. "वीस वर्षं कॉम्प्रेसर ऐकतेय मी," ती म्हणाली. "मला शिकवू नका म्हणावं."

निळ्या बटणाने भोंगा उचकीसुद्धा देत नाही. म्हणजे माझ्या भाच्याने लालच दाबलं होतं. भोंगा सुरू झाला होता, आणि कुणीतरी त्याचा गळा धरला होता.

३

भोंग्याचा प्रोग्रॅम बदलायची मुभा दोघांनाच होती: भाऊजींना, आणि त्यांच्या हाताखालच्या एका मुलीला. टेबलावर सतत शेंगदाणे आणि हालचाल चपळ, म्हणून तिला खारूताई म्हणत. अपघातानंतर यंत्रात सगळे प्रोग्रॅम नव्याने भरून घेतले होते, त्यामुळे कुठली ओळ कधी बदलली हे तारखा बघून कळणार नव्हतं. जुन्या प्रती ठेवायची पद्धतच नव्हती. "सर म्हणतात, सगळं माझ्या डोक्यात आहे," ती म्हणाली. असली डोकी मी पुष्कळ पाहिली आहेत.

"तुझं काम कुठलं यात?"

"निरोपांचं, मॅडम. आवाजाचा भाग सरांचा, मी कधी हात लावलेला नाही. लाल दाबलं की मुख्य प्रोग्रॅम एक छोटा प्रोग्रॅम सुरू करून देतो. तो निरोप पाठवतो आणि संपतो. तो संपला की सिस्टिम मुख्य प्रोग्रॅमला सिग्नल देते, की झालं बाबा काम."

मी खुर्चीत ताठ झाले. "आणि हा सिग्नल येतो तेव्हा मुख्य प्रोग्रॅम काय करत असतो?"

"भोंगा वाजवत असतो."

आता हे जरा समजून घ्या, अवघड नाही. आवाजाच्या यंत्राला प्रोग्रॅम आवाज घोटाघोटाने पाजतो. यंत्राचा घसा भरला की प्रोग्रॅमला थांबावं लागतं, घोट उतरेपर्यंत. नेमकं तेव्हाच कुणी सिग्नल दिला, तर ते पाजणं मध्येच तुटतं आणि सिस्टिम सांगते, 'व्यत्यय आला'. ही चूक नव्हे, बिघाड नव्हे. तुम्ही बाटलीत नरसाळ्याने दूध ओतताय आणि दाराची कडी वाजली, तर तुम्ही हात थांबवता, कोण आहे बघता आणि परत ओतायला लागता. प्रोग्रॅमनेही तेच करायचं: व्यत्यय आला, ठीक, उरलेला घोट पुन्हा पाज. दोन ओळींचं काम. पण त्या दोन ओळी नसतील आणि प्रोग्रॅम व्यत्ययालाच शेवट समजला, तर तो दूध तिथेच टाकून दुकान बंद करून निघून जातो.

भोंगा सुरू, निरोप गेले, सिग्नल आला, भोंगा बंद. एक उचकी. आणि रोजच्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही, कारण चाचणीत निरोपच नाहीत. निळ्यातही दिसणार नाही, कारण त्यात भोंगाच नाही. दोन्ही एकत्र फक्त खऱ्या संकटात, आणि ते त्या दिवशी पहिल्यांदाच आलं.

"आवाजाचा भाग उघड," मी म्हटलं.

तिने उघडला. आम्ही दोघींनी वाचलं. त्या दोन ओळी तिथे होत्या. व्यत्यय आला तर पुन्हा पाज, स्वच्छ लिहिलेलं.

माझा विश्वास बसेना. मी मोठ्या साहेबांच्या नाकावर टिच्चून सगळ्यांना आधी सांगून ठेवलं, आणि किल्ली न फिरवता लाल दाबलं. निरोप गेले. साहेबांचा फोनही थरथरला. आणि भोंगा? भोंगा वाजत राहिला, वाजतच राहिला, खणखणीत.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं समाधान?"

४

परत येताना बाकावर बसले आणि स्वतःलाच शिव्या दिल्या. दुसरा काही उद्योग नव्हता. उचकी खरी मानावी तर प्रोग्रॅममध्ये दोष हवा. प्रोग्रॅम बघावा तर तो निर्दोष. खोकीवाल्या बाईला खोटं बोलायचं कारण नव्हतं, आणि प्रोग्रॅमला खोटं बोलता येत नाही. मग दोघांच्या मध्ये खोटं बोलतंय कोण?

आणि मग काकांचं ते नाक मुरडणं आठवलं. नवीन खोड. आधी भोंगा जागच्या जागी गप्प व्हायचा, आता सूर पुरा करून थांबतो.

बंद करायचं बटणही प्रोग्रॅमला एक सिग्नलच देतं. ज्या प्रोग्रॅममध्ये त्या दोन ओळी आहेत तो अशा सिग्नलला जुमानत नाही. उरलेला घोट पाजतो, सूर पुरा करतो, मगच थांबतो. ज्यात त्या ओळी नाहीत तो सिग्नल आल्याबरोबर मुकाट होतो. म्हणजे अपघाताआधी ओळी नव्हत्या. अपघात झाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीआधी कुणीतरी त्या गुपचूप घातल्या. ज्याला दोष कळला त्याने दोष बुजवला, आणि तोंडही बुजवलं.

खारूताई? तिला जर कळलं असतं की आपल्या निरोपाने भोंगा मेला, तर तिने निरोपाच्या भागात हात घातला असता. तिला तोच येतो. शिवाय दोन्ही एकत्र चालवू म्हटल्यावर ती माझ्याआधी उठली होती. जिच्या मनात पाप असतं ती शेंगदाणे टाकून पळत पुढे जात नाही.

उरले भाऊजी. गुडघा धरून घरी बसलेले, अपघातापासून तिकडे पाऊल न टाकलेले. पण घरच्या संगणकावरून तिथे हात पोचत होता की. आणि काल तेच मला म्हणाले होते, 'बंद केला तरी चालू सूर पुरा करूनच थांबतो.' ही खोड अपघातानंतरची. घरी बसलेल्या माणसाने ती ऐकली कुठे? आणि याच भोंग्यापायी त्यांनी जेवताना केलेली एक जुनी चरफडही मला आठवली.

आता वाटलं, चूक माझीच असू दे. भोंग्याची सबंध विद्या विसरायला झाली तरी चालेल, पण ही एवढी एक गोष्ट खोटी निघू दे. ताईला कुठल्या तोंडाने सांगू?

५

दुपार होती. भाऊजी जेवून पेपर वाचत होते. ताई आत भांडी लावत होती. मी समोर बसले.

"भाऊजी, व्यत्ययाच्या दोन ओळी काढल्या होत्यात ना?"

पेपर खाली आला नाही. "कुठल्या ओळी?"

"आणि अपघाताच्या संध्याकाळी परत घातल्यात. भोंगा सूर पुरा करतो हे तुम्ही मला काल सांगितलंत. त्याच्या आधी तो जागच्या जागी थांबायचा, सगळ्या शीतगृहाला माहीत आहे."

"मी मूळ प्रोग्रॅमबद्दल बोलत होतो. तेव्हा सूर पुरा करायचा."

"आणि मालकांच्या पाहुण्यांसमोर बटण दाबूनही थांबला नाही म्हणून मालक सगळ्यांदेखत तुम्हाला हसले. त्या संध्याकाळी तुम्ही इथेच माझ्यासमोर जेवताना किती चरफडलात. आठवड्याने सांगितलंत, आता चुटकीसरशी गप्प होतो. तो भोंगा कसा थांबतो हे तुम्ही विसरला असाल, हे मला पटत नाही."

आता पेपर खाली आला. भाऊजी एकदम म्हातारे दिसले.

"तेव्हा निरोप नव्हते," ते म्हणाले. "सिग्नल एकच होता, बंद करायचा. सिग्नल आला की थांब, एवढंच केलं मी. काय चुकलं? खारूताईने निरोप नंतर जोडले. मला सुचलंच नाही तो सिग्नलही तिथेच येईल."

"यात तुम्हाला कुणी फाशी दिलं नसतं. चुकतो माणूस. पण त्या संध्याकाळी तुम्हाला कळलं."

"निरोप गेले आणि भोंगा नाही, हे ऐकलं आणि कळलं. त्याच क्षणी." त्यांनी डोळे चोळले. "मी काय करणार होतो? तीस वर्षांचं नाव आहे माझं. पोरगा तरुण आहे. सावरेल. दुसरीकडे लागेल कुठेतरी. माझं काय उरलं असतं?"

"आणि रोज त्याला विचारत होतात, लालच होतं ना. माहीत असून."

त्यांनी पेपरची घडी घातली. पोराने स्वतःच स्वतःवर संशय घ्यावा, म्हणजे कुणाला खोटं बोलावं लागणार नाही. इतकं साधं होतं ते. मला किळस आली.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. आणि बाहेरच्या दारात, चपला हातात घेऊन, भाचा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने चपला परत घातल्या आणि निघून गेला.

"सोमवारी मी सगळं सांगतो समितीला," भाऊजी म्हणाले. "तू काही बोलू नकोस. मला बोलू दे. एवढी लाज राख."

मी राखली. माझ्याइतकी मूर्ख बाई शोधून सापडणार नाही.

६

समितीच्या खोलीत मोठे साहेब, आणखी दोघे, झटकाकाका, खारूताई, भाचा आणि आम्ही. ताई बाहेरच्या बाकावर. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून उठले.

"माझ्या मुलाने लालच दाबलं होतं," ते म्हणाले, "आणि मी ते सिद्ध करू शकतो. निरोप पाठवणारा भाग संपताना मुख्य प्रोग्रॅमला सिग्नल देतो. त्या सिग्नलने भोंगा मध्येच तुटला. तो भाग या मुलीने लिहिला. लिहिताना आवाजावर काय परिणाम होईल, हे तिने मला विचारलं नाही. दोष लक्षात आल्यावर मी तो दुरुस्त केला आहे."

यातला एकेक शब्द खरा होता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि तीसुद्धा खऱ्या शब्दांत. याला तीस वर्षांचा सराव लागतो.

खारूताईचा चेहरा पांढरा पडला. खरंच सिग्नल तिचा होता ना. ती नाही तरी कशी म्हणणार? मोठ्या साहेबांनी पेन उचललं. त्यांना कुणीतरी हवं होतं. मुलगा असो नाहीतर मुलगी, त्यांचं काय बिघडतंय.

मी उठणार तोच शेजारची खुर्ची सरकली. भाचा उभा राहिला होता.

"साहेब, हिने काही केलेलं नाही. व्यत्यय आला तर आवाज पुन्हा सुरू करायच्या ओळी मूळ प्रोग्रॅममध्ये होत्या. त्या बाबांनी काढल्या, भोंगा पाहुण्यांसमोर लगेच थांबावा म्हणून. पैलवान मेला त्या संध्याकाळी त्यांनी त्या परत घातल्या आणि कुणाला सांगितलं नाही. त्यांनी हे स्वतः कबूल केलं, घरी. मी ऐकलं. मावशीने ऐकलं."

मोठे साहेब जरा पुढे झुकले. "अरे, तू सुटला आहेस. कळतंय का तुला? तुझ्या वडिलांनीच सोडवलंय."

"कळतंय."

"मग बस खाली."

"नाही साहेब. लाल मी दाबलं होतं. हे लिहून घ्या, आणि बाकीचंही लिहून घ्या."

त्याचा हात टेबलावर होता, मांडीखाली नाही. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते समितीकडे बघत होते, आपल्या बाजूने अजून कुणी बोलतंय का ते. झटकाकाकांनी भोंग्याची नवी खोड सांगितली. मी घरातलं बोलणं सांगितलं. खोकीवाल्या बाईला आत बोलावलं आणि या वेळी तिची उचकी लिहून घेतली.

भाऊजींची नोकरी गेली आणि खटला उभा राहिला. भाचा निर्दोष सुटला. दुसऱ्या दिवशी त्याने कपडे भरले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. आईशी बोलतो, वडिलांचं नाव काढलं की फोन ठेवतो. भाऊजी आता जेवायलाही खोलीबाहेर येत नाहीत.

ताईने महिन्याने मला फोन केला.

"एकाला सोडव म्हटलं होतं मी तुला," ती म्हणाली. "दोन ताटं वाढते आणि एकटी जेवते."

मला गप्प बसता आलं असतं. थोरली बहीण आहे, रडत होती. पण मी म्हटलं, "पैलवानाची बायकोही एकटीच जेवते, ताई."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने केलेला नाही, आणि मीही नाही.